पाठीला काय घालायचं

चहाचा ग्लास हातातून सुटला नाही, तेवढी अब्रू राहिली. बाकी त्या सकाळी जे सुटलं ते जमुनाच्या पुन्हा हाती लागलं नाही. तिचा नवरा सहदेव खाटेवर बसला होता. ती चहा घेऊन समोर आली तसा तो उठला, उजवा हात तिच्या तोंडासमोर ताठ धरला आणि एस.टी. मागे घेताना गाडीमागच्या पोरासोरांवर ओरडायचा त्या आवाजात म्हणाला, "सैताना, येशूच्या नावानं सांगतो, निघ माझ्या घरातून!" जमुनानं आधी मागे वळून पाहिलं. खरोखर पाहिलं. वाटलं, मांजर शिरली असेल, नाहीतर दारात कोणी दारुडा उभा असेल. मागे भिंत होती. भिंतीवर चर्चच्या मंडळीनं वाटलेलं कॅलेंडर होतं आणि त्यातला, मेंढरू खांद्यावर घेतलेला प्रभू तिच्याकडेच पाहत होता. म्हणजे घरात सैतान म्हणावं असं दुसरं कोणी नव्हतं. "अवो, चहा हाये," ती म्हणाली. "घ्या, थंडा होऊन राहिला." त्यानं ग्लासात वाकून पाहिलं. "काय टाकलं यात?" "अद्रक टाकलं. अन् साखर. डोक्यात उजेड पडंल असं काही दुकानात भेटलं नाही, नाहीतर तेही टाकलं असतं." अशा बोलण्यावर तो जन्मभर हसत आला होता. आज हसला नाही. मागे मागे सरला. पोटऱ्या खाटेला टेकल्या तरी सरायचं थांबेना. तो भ्यायला होता. जमुनाला भिणारी माणसं कमी नव्हती. पाळकाची बायको भ्यायची, दूधवाला भ्यायचा, सून तर अकोल्यात राहून फोनवर भ्यायची. एकटा सहदेव कधी भ्यायला नव्हता, आणि तो भीत नव्हता म्हणूनच तिला बाकीच्यांना भिववायची हिंमत होती.

विसरणं काही नवं नव्हतं. आधी चष्मा कुठे ठेवला ते गेलं, मग चाव्या, मग मोर्शीचा चुलतभाऊ जिवंत आहे की मेला ते गेलं. उभ्या वऱ्हाडातली वळणं ज्याच्या हातांना पाठ होती, त्याला एका दुपारी राजापेठेतून घराचा रस्ता सापडेना. डॉक्टरनं तिला समजावलं होतं, मेंदू वाळत जातो बाई, चेहरे धरून ठेवत नाही. तुरीची शेंग झाडावर वाळली की आतला दाणा सुटा होऊन वाजतो, तसं काही असेल, असं तिनं मनाशी धरलं. तेही तिला चाललं असतं. पण चेहरा विसरणं वेगळं आणि हे वेगळं. दूधवाल्याला विसरला तर तो त्याला "या भाऊ" म्हणायचा. शेजारच्या पोरीला विसरला तर "कोणाची वं तू, माय?" म्हणून कौतुकानं पाहायचा. परक्या माणसाशी सहदेव आधीपासूनच फार गोड. मग मलेच सैतान काहून, ती स्वतःशी म्हणायची, परकी तरी म्हणायचं ना. त्या दिवसापासून तो तिच्या हातचं खाईना. शेजारणीनं वाटीभर वरण आणलं तर चार घास खायचा. तीच वाटी जमुनानं पुढे केली की ओठ मिटायचा, लहान लेकरू मिटतं तसे, घट्ट. गाल बसले. मनगटावरचं घड्याळ हात वर केला की कोपराकडे घसरू लागलं. पुष्करनं, तिच्या मुलानं, अकोल्याहून फोन केला, "आई, मी बाबांना इकडे आणतो. मोनाली आहे, मी आहे. खातील तरी." तेव्हा ती ताडकन म्हणाली होती, "या घरातून तुझा बाप चौघांच्या खांद्यावर जाईल. तुझ्या गाडीत बसून नाही. बायको मेली काय त्याची?"

आणि हे डोक्यात शिरलं कुठून, हा तिचा खरा सवाल होता. डॉक्टरला विचारून उपयोग नव्हता. डोकं तर त्यानं रोज देवाच्या नावानं झाकलेलं होतं. भातकुलीकडच्या शेतकरी घरांतली दोघं. लग्न झाल्यावर सहदेवनं प्रभूला धरलं तेव्हा भावकीनं पाणी तोडलं आणि जमुनानं बोलणं तोडलं. मग तो अमरावतीला एस.टी.त ड्रायव्हर लागला, अकोल्याची पहाटेची गाडी त्याच्याकडे आली, आणि निघण्याआधी उंबऱ्यात उभा राहून तो अंगावर काहीतरी चढवतोय असं रोज करू लागला. काय सोंग करून राहिले पाहावं, म्हणून ती एकदा अंथरुणातून उठून आली. त्यानं दाखवलं. कमरेला हात, हा सत्याचा पट्टा. छातीला हात, हे न्यायीपणाचं उरस्त्राण. तो शब्द तिच्या जिभेला झेपेना तेव्हा म्हणाला, छातीवरची लोखंडी पाटी म्हण. पायांना हात, हे शांतीचे जोडे. डावा हात पुढे, विश्वासाची ढाल. डोक्यावर तळवा, तारणाचं शिरस्त्राण. आणि उजव्या मुठीत वचनाची तलवार. दुष्ट दिसत नाही, तो म्हणाला, त्याचे बाणही दिसत नाहीत, म्हणून माणसानं घरातून उघडं निघू नये. जमुना दोन इयत्ता शिकलेली, पण कापड घेताना दुकानदाराला घाम फोडणारी. तिनं त्याला पुढून पाहिलं, मग फेरी मारून मागून पाहिलं. "अन् पाठीले काय घालायचं?" सहदेवनं बायबलात शोधलं, सापडलं नाही. पाळकसाहेबांना विचारलं, तर ते म्हणाले, प्रभूचा शिपाई पाठ दाखवतच नाही, म्हणून पाठीला काही दिलेलं नाही. "पाळकसाहेबांनी कधी एस.टी. चालवली नाही," जमुना म्हणाली. "ड्रायव्हरची पाठ साऱ्या गाडीकडं राह्यते. पिलेला, चाकू घेतलेला, सारे मांगंच बसून राह्यतात. तुमच्या देवानं पुढचाच इचार केला वाटते." सहदेव एवढा हसला की डोळ्यांत पाणी आलं. मग तिच्याकडे पाठ करून उभा राहिला. "मंग पाठीले तू." तिनं दोन्ही खांद्यांच्या मधोमध तळवा ठेवला. त्यानंतर तो रोज ठेवला, पिठाचा असो, राखेचा असो, ज्या कामात असेल त्या कामाचा. तळवा टेकला की पाठ सैल व्हायची आणि तो समोर अंधारात पाहत म्हणायचा, "संध्याकाळच्या गाडीनं येतो." ती म्हणायची, "या." त्या "या" म्हणण्यात ती केव्हा प्रभूवर विश्वास ठेवू लागली ते तिलाही सांगता आलं नसतं.

मंडळीतल्या बाया प्रार्थनेला आल्या. पुढे ज्योत्स्नाबाई, उपवास-प्रार्थनेचा ग्रुप तिच्याच फोनवरून चालायचा. सहदेवनं त्यांना हात जोडून सलाम केला, खुर्च्या दाखवल्या आणि जमुनाकडे बोट करून हळूच म्हणाला, "हे बाई घरात शिरली हाये. तुमी सांभाळून बसा." बाया एकमेकींकडे पाहू लागल्या. प्रार्थना झाल्यावर ओट्यावर ज्योत्स्नाबाई म्हणाली, "जमुनाबाई, राग नका येऊ देऊ. आत्म्यात चालणाऱ्या माणसाचे डोळे कधी कधी उघडतात. त्याहीले काही दिसत असंल." "काय दिसंल?" "आता ते तुमाले ठाऊक. मनात काही असंल. तोंडानं कोणाले काही बोलल्या असान." "तोंडानं त मी सगळ्यात जास्त तुमालेच बोलली. मंग सैतान तुमच्या घरी जायले पाहिजे होता. पण तुमच्याकडं आधीचाच बसून असंल, जागा नसंल, म्हणून बिचारा इकडं आला." बाया माना खाली घालून चपला शोधू लागल्या. फाटकापाशी जाऊन ज्योत्स्नाबाई वळली. तिचे डोळे भरले होते, आणि ते खोटे नव्हते, हेच जमुनाला लागलं. "लढा बाई. आमी एवढंच म्हणतो. दुष्टाले घरात राहू देऊ नका."

त्या गेल्यावर जमुना आरशासमोर उभी राहिली. एरवी भांग पाडायचा आणि सरायचं, एवढीच तिची आरशाशी ओळख. आता ती शोधत होती. काय दिसतं याहीले? कपाळावरची आठी, ती तर लग्नातल्या फोटोतही होती. ओठांच्या दोन्ही कडा खाली ओढलेल्या, दुकानाचं शटर अर्धं पाडलेलं असावं तशा. याच तोंडानं मोनालीच्या हातची पहिली भाजी खाऊन ती म्हणाली होती, "हे जनावरही हुंगून सोडंल." पोरगी हसायला गेली होती आणि हसता हसता तिचा चेहरा कुठे ठेवावा तिला कळेना. तेव्हा सहदेवनं ताट पुढे ओढून दोनदा भाजी मागितली होती. तेव्हा त्याला माझ्यात काय दिसलं असेल? तेव्हा दिसलं आणि माणूस बोलला नाही, आणि आता जिभेवरचा लगाम तेवढा गळला, असं तर नाही? डोकं वाळतं तेव्हा आधी काय वाळतं, प्रेम की भीड? तिनं आरशात स्वतःच्या कमरेला हात लावला, छातीला लावला, पायांना लावला, डोक्यावर तळवा ठेवला. सगळं जागच्या जागी होतं. एवढं सगळं अंगावर असलेली बाई दुष्ट कशी असेल? आणि नसेल, तर मग दुष्ट त्याच्यात. ज्योत्स्नाबाईचं "लढा" तिच्या कानात परत आलं, आणि या खेपेला ते तिला पटलं.

ती सरळ खोलीत गेली. खाटेच्या अल्याड उभी राहिली, उजवा हात वर केला आणि तिच्या त्या चौकापर्यंत ऐकू जाणाऱ्या आवाजात म्हणाली, "सैताना, येशूच्या नावानं सांगतो, माझ्या नवऱ्यातून निघ!" सहदेव पल्याड उठला. त्याचाही हात वर गेला. "तू निघ!" "तू निघ!" मधे खाट, खाटेवर चुरगळलेली चादर, आणि दोन बाजूंना दोन म्हातारी माणसं, एकाच प्रभूचं नाव घेऊन एकमेकांना घराबाहेर काढत होती. दोघांच्या तलवारी एकाच ठिकाणाहून आलेल्या. तिनं आवाज चढवला, त्यानंही चढवला, आणि मग एकाएकी त्याचा आवाज मधेच मोडला. हात खाली आला. तो भिंतीला टेकला, स्वयंपाकघराच्या दाराकडे मान वळवली आणि रडत हाका मारू लागला, "जमुने! कुठं गेली वं? लवकर ये. हे बाई मले मारून राहिली." जमुनाचा हात वरच राहिला. ती हाक तिलाच होती. ती हाक आजवर तिनं त्याला कधी दुसऱ्यांदा मारू दिली नव्हती. आणि आता ओ द्यावी तर ओ देणारी तीच, जिच्यापासून त्याला सोडवायचं तीही तीच. "येऊन राहिली," असं ती अगदी हळू म्हणाली, आणि तो त्या आवाजाला आणखी भ्यायला. आपली झुंज हाडामांसाच्या माणसाशी नाही, हे सहदेवनंच तिला शिकवलं होतं. तिनं त्याचीच हाडं समोर उभी करून त्यांच्याशी झुंज घेतली होती. ती खोलीबाहेर आली. जाताना तिनं त्याला म्हणताना ऐकलं, "गेला. प्रभू, तुझे उपकार. गेला." त्याच्या आवाजात इतकं समाधान होतं की स्वयंपाकघरात येऊन तिनं पदराचा बोळा तोंडात धरला.

दुसऱ्या दिवशी उजाडताना तो दारात उभा होता. अंगात बनियन, पायात काही नाही. कमरेला हात, छातीला हात, पायांना हात. ती चुलीवरून पाहत होती. गॅस असूनही थंडीत पाण्याची चूल ती मागच्या दारी पेटवायचीच. ढाल झाली, डोकं झालं, तलवार झाली. आणि तो तसाच उभा राहिला, दाराकडे तोंड करून. पुढे जाईना, मागे वळेना. ड्युटी सुटून किती वर्षं लोटली, तरी अंगाला ती जागा आठवत होती जिथं एक गोष्ट व्हायची बाकी राहते. जमुना अनवाणी मागून गेली आणि राखेचा तळवा दोन खांद्यांच्या मधे ठेवला. हाडं आता हाताला वेगवेगळी लागत होती. पाठ सैल झाली. "आली का?" तो म्हणाला. "कुठं होती वं? घरात एक बाई शिरली होती. हाकलली मी." "बरं केलं." "तू भेली नाही ना?" "नाही." "तू कोणाले भिणार," तो म्हणाला, आणि हसला. तिला ते दिसलं नाही, तळव्याला कळलं. पुढून ती सैतान होती, मागून जमुना. असंही जगता येईल, तिला वाटलं. मग काही दिवस ती त्याच्या पाठीमागे राहिली. मागून शाल टाकायची, मागून केस विंचरायची, मागून बोलायची, पोराच्या लहानपणाचं, भातकुलीच्या विहिरीचं. लग्नानंतर दोघं एवढं कधी बोलली नसतील. पण माणसाला मागून जेवू घालता येत नाही. तिनं खांद्यावरून भाकरीचा तुकडा पुढे केला. त्यानं घेतला, तोंडात घातला, आणि "तूही खा" म्हणून वळला. वळला आणि तिला पाहिलं. तोंडातला घास त्यानं बोटं घालून काढला, घशापर्यंत बोटं घालून, विष काढतात तसा. उलटी झाली. ती पुसायला वाकली तर भिंतीला चिकटत चिकटत खाली बसला आणि गुडघ्यांत डोकं घातलं. हात डोक्यावर. शिरस्त्राणाच्या जागी.

जमुनानं ते पुसून घेतलं, फडकं धुऊन वाळत घातलं आणि पुष्करला फोन लावला. "तुझ्या बापाले घेऊन जाय." "आई? काय झालं?" "काही नाही झालं. उपाशी मरून राहिले माझ्या हातानं. घेऊन जाय." "तूही चल ना. इथं सगळे मिळून..." "मी आली त मंग तुझ्याकडं नेऊन फायदा काय, मास्तर?" तो शाळेत शिकवायचा आणि राग आला की ती त्याला मास्तर म्हणायची. "तू म्हणाली होती खांद्यावर..." "म्हणाली होती. आता हे म्हणून राहिली. दोन्ही ऐकून घे." फोन ठेवल्यावर तिला वाटलं होतं तसं काही झालं नाही. छत पडलं नाही. शब्द गिळताना घशाला लागतो, एवढंच.

रविवारी पुष्कर आला. तिनं पेटीतून जुना खाकी शर्ट काढून ठेवला होता. सहदेवच्या अंगात तो आता खुंटीवर टांगल्यासारखा लोंबत होता. "त्याहीले म्हण, अकोल्याची गाडी लागली हाये. ड्युटीवर चाला. तुले डेपोतला साहेब समजतीन, त समजू दे." "बाबांशी मी खोटं बोलू? आज रविवारी?" "सत्याचा पट्टा मी सोडून ठेवला आजच्या दिवस. तू आपला बांधून राह्य अन् मी सांगतो तेवढं बोल." मग ती आत गेली. समोर यायचं नाही असं तिचं तिनंच ठरवलं होतं. हाताला चाळा हवा म्हणून परातीत ज्वारीचं पीठ घेऊन बसली. जेवायला कोणी नव्हतं, तरी मळत होती. बाहेर पुष्करचा आवाज येत होता, "चला, गाडीची वेळ झाली." मग सहदेवचा, "आलो साहेब." पावलं उंबऱ्यापर्यंत आली. मग काही नाही. "चला ना." काही नाही. "बाबा, चला. काय झालं? पाय दुखतो का?" शेजारणीचा आवाज, "बसवा त्याहीले, चक्कर आली असंल." जमुनाला उठून पाहायची गरज नव्हती. कंबर झाली, छाती झाली, पाय झाले, ढाल, डोकं, तलवार झाली. माणूस दारात उभा होता आणि वाट पाहत होता. नाही गेली तर तो जाणार नाही. नाही जाणार तर राहील. राहील तर मरेल. पण राहील. तिनं पीठ एकदा दाबलं, दुसऱ्यांदा दाबलं. एवढ्या सगळ्या बाणांतून एवढी वर्षं जी एक जागा तिनं राखली, तिथंच आता तिला हात घालायचा होता, आणि तो हात ढकलण्यासाठी होता.

ती उठली. हात पुसायचं राहिलं. पुष्करनं तिला येताना पाहिलं आणि तोंड उघडलं. तिनं डोळ्यांनीच त्याला गप्प केलं. तळवा पाठीवर ठेवला. पाठ सैल झाली. "आली का?" "आली." "ते बाई पुन्हा येईल. कडी लावून घेजो." "घेईन." तो पायरी उतरला. ती मागे, हात न काढता, पावलाला पाऊल लावून. फाटक, नाली, गाडीचं उघडं दार. तो वाकून बसला, डावीकडे, पुष्करच्या शेजारी, आणि पाठ मागे टेकली. तिच्या हाताची जागा सीटनं घेतली. गाडीच्या बाजूचा आरसा त्यानं सवयीनं बोटानं जरासा बाहेर केला. आरशात काय दिसतं आणि कुठं उभं राहिलेलं माणूस दिसत नाही, हे तिला त्यानंच शिकवलं होतं, डेपोत डबा घेऊन जायची तेव्हा; अशी उभी नको राहू वं, इथं ड्रायव्हरले तू नाहीच. जमुना दोन पावलं सरली आणि बरोबर तिथं जाऊन उभी राहिली. "संध्याकाळच्या गाडीनं येतो," तो समोरच्या काचेतून रस्त्याला म्हणाला. "या," ती म्हणाली. गाडी बडनेऱ्याच्या रस्त्याला लागेपर्यंत ती त्या न दिसणाऱ्या जागेतून हलली नाही.

दिवे लागल्यावर मोनालीचा फोन आला. "आई, जेवले. दीड भाकर खाल्ली. तुरीच्या सोल्याची भाजी मागून घेतली." तिच्या आवाजात आनंद होता आणि तो दाखवावा की नाही याची भीतीही. "तुझ्या हाताले चव आली म्हणायची," जमुना म्हणाली. असं काही ऐकायची पोरीला सवय नव्हती. ती घाईघाईनं म्हणाली, "जेवताना सांगत होते, बाई, तुमची भाकर चांगली हाये, पण आमच्या जमुनाची तुमी खाल्ली नाही कधी. एकदा या म्हणाले घरी." जमुनानं फोन एका कानावरून दुसऱ्या कानावर घेतला. परातीत तो सकाळचा गोळा तसाच होता, वरून तडकलेला. "मोनाली." "हां, आई." "त्याहीचा खाकी शर्ट. तो धुऊ नको." "धुतला, आई. आल्या आल्या बदलवला. पाठीवर पिठाचा आख्खा पंजा उमटला होता, पाच बोटं. चांगला घासून काढला, डाग नाही राह्यला. वाळलाही." जमुनानं परातीतल्या गोळ्यावर तळवा टेकला. "आई? काहून? काही होतं का?"

"नाही," जमुना म्हणाली. "पीठच त होतं."